इंदूर आणि मोबाइलवरचा द्वेष

ऑनलाइन द्वेष म्हणजे नुसती शिवीगाळ नव्हे. रागाच्या भरात कोणी कोणाला अपशब्द वापरले, तर तो दोन माणसांमधला तंटा असतो. द्वेषाच्या मजकुरात समोरचा माणूस काय वागला याला काहीच किंमत नसते. तो कोणत्या धर्मात जन्मला, कोणत्या प्रांतातून आला, कोणती भाषा बोलतो, एवढ्यावरून तो आणि त्याच्यासारखे सगळे धोकादायक, घाणेरडे, हाकलून देण्याजोगे ठरवले जातात. मोबाइल येण्याआधीही असे बोलले जात होतेच. पण तेव्हा ते चावडीवर, दुकानाच्या फळीवर किंवा एखाद्या सभेत विरून जायचे. आता तेच बोलणे चित्रफीत होऊन काही तासांत लाखो हातांत पोहोचते, आणि मूळ बोलणारा कोण हे कोणालाच ठाऊक नसते.

भारतीय कायद्यात द्वेषमूलक भाषणाची नेमकी व्याख्या नाही. विधी आयोगाने मार्च २०१७ मध्ये या विषयावर २६७ वा अहवाल दिला आणि दंड संहितेत नवी कलमे घालण्याची शिफारस केली. ती कलमे आजवर आलेली नाहीत. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २०१२ मध्ये तयार झालेला ‘रबात कृती आराखडा’ मात्र एक उपयोगी कसोटी देतो. मजकूर कोणत्या परिस्थितीत आला, बोलणाऱ्याचे समाजात वजन किती, त्याचा हेतू काय, प्रत्यक्ष शब्द कोणते, ते किती लोकांपर्यंत गेले आणि त्यातून हिंसा किंवा भेदभाव घडण्याची शक्यता किती, असे सहा प्रश्न त्यात विचारलेले आहेत. या कसोटीने पाहिले की धर्माची चिकित्सा आणि माणसांविरुद्धची चिथावणी यांतला फरक स्पष्ट होतो. एखाद्या रूढीवर, ग्रंथावर, धर्मगुरूवर किंवा सरकारच्या स्थलांतरविषयक धोरणावर कडक टीका करणे हा लोकशाहीतला हक्क आहे. शेजारच्या गल्लीतल्या फळवाल्याकडून काही घेऊ नका, कारण तो अमुक धर्माचा आहे, असे सांगणे ही टीका नाही.

हा विषय इंदूरच्या संदर्भात पाहण्यासारखा आहे, कारण हे शहर बाहेरून आलेल्या माणसांनीच घडवले. मल्हारराव होळकरांबरोबर मराठी शिलेदार, कारकून, पुरोहित आणि व्यापारी माळव्यात आले. १८१८ च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी महेश्वरहून इंदूरला हलली आणि ही वस्ती वाढत गेली. मारवाडी आणि गुजराती व्यापारी आले, दाऊदी बोहरा आले. पुढे कापड गिरण्यांनी दूरदूरचे कामगार ओढून आणले. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी इथे नव्याने संसार मांडले, आणि पाकिस्तानातून येणारी सिंधी हिंदू कुटुंबे अलीकडच्या काळातही इथे आसरा घेत आली आहेत. कोकणात, चिपळूणला जन्मलेल्या सुमित्रा महाजन यांना याच शहराने १९८९ पासून सलग आठ वेळा लोकसभेवर पाठवले. ज्या शहरात ‘मूळचे’ आणि ‘बाहेरचे’ ही रेघ ओढायची झाली तर जवळजवळ प्रत्येक घर रेघेच्या पलीकडे जाईल, त्या शहरात परकेपणाची भीती पेरली जाते तेव्हा तिचा खोटेपणा अधिक ठळकपणे दिसतो.

इंदूरमधली सर्वांत बोलकी घटना कोरोनाच्या सुरुवातीची आहे. १ एप्रिल २०२० रोजी टाटपट्टी बाखल या दाट मुस्लिम वस्तीच्या भागात आरोग्य विभागाचे पथक बाधितांच्या संपर्कातल्या लोकांचा शोध घ्यायला गेले आणि जमावाने त्यांच्यावर दगडफेक केली. पथकाला जीव मुठीत धरून पळावे लागले. त्याची चित्रफीत त्या दिवशी देशभर फिरली. दगड मारणाऱ्यांचे समर्थन करता येत नाही, आणि पोलिसांनी त्यांच्यावर गुन्हे नोंदवले ते योग्यच झाले. पण त्या गल्लीत आधी काय पोहोचले होते हेही समजून घ्यायला हवे. धडधाकट मुसलमानांना उचलून नेतात आणि त्यांना विषाणूचे इंजेक्शन देतात, अशा आशयाच्या चित्रफिती व्हॉट्सअॅपवरून तिथे फिरत होत्या. म्हणजे एकाच वेळी दोन अफवा धावत होत्या. मुसलमान मुद्दाम रोग पसरवत आहेत, असे बाहेर सांगितले जात होते. सरकार मुसलमानांना रोग टोचत आहे, असे वस्तीच्या आत सांगितले जात होते. पहिल्या अफवेने तिरस्कार वाढला, दुसरीने भीती, आणि दोन्हींनी मिळून डॉक्टरांवर दगड फेकले.

पुढे जे झाले ते फारसे फिरले नाही. त्या पथकातल्या दोन महिला डॉक्टर, एक हिंदू आणि एक मुस्लिम, दुसऱ्याच दिवशी पुन्हा त्याच भागात तपासणीला गेल्या. शहरातल्या मुस्लिम समाजाच्या वतीने वृत्तपत्रात जाहिरात देऊन डॉक्टर, परिचारिका आणि पोलिसांची माफी मागण्यात आली. दगडफेकीची चित्रफीत ज्यांनी पुढे पाठवली, त्यांतल्या किती जणांनी ही जाहिरात पुढे पाठवली असेल? द्वेषाच्या प्रसारातली खरी विषमता इथे आहे. संताप आणणारी गोष्ट आपोआप पळते, दिलासा देणारी जागीच थांबते.

त्याच महिन्यात खातीपुरा भागात रस्त्यावर काही नोटा पडलेल्या सापडल्या. रक्कम सुमारे साडेसहा हजारांची. थुंकी लावलेल्या नोटा टाकून रोग पसरवण्याचा हा कट आहे, अशी बोंब लगेच उठली. काही वृत्तवाहिन्यांनीही ती उचलून धरली. पोलिसांनी सीसीटीव्ही तपासला तेव्हा कळले की गॅस सिलिंडर पोहोचवणाऱ्या एका कामगाराच्या खिशातून त्या पडल्या होत्या. त्या बिचाऱ्याचे पैसे हरवले होते. शहराने त्यातून षड्यंत्र उभे केले.

हे इंदूरपुरते नव्हते. दिल्लीच्या निजामुद्दीनमध्ये तबलिगी जमातीच्या कार्यक्रमातून संसर्ग पसरल्याचे मार्च २०२० च्या अखेरीस उघड झाले. त्यात निष्काळजीपणा होता हे खरे. पण त्यातून ‘कोरोना जिहाद’ हा हॅशटॅग निघाला आणि २८ मार्चपासूनच्या काही दिवसांत तो ट्विटरवर सुमारे ३ लाख वेळा वापरला गेला, असे ‘टाइम’ नियतकालिकाने त्या वेळी दिले होते. काही हजार माणसांच्या चुकीचे खापर वीस कोटींच्या समाजावर फोडले गेले. अनेक गावांत भाजीवाल्यांना नाव विचारून परत पाठवण्यात आले. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी जमातीच्या २९ परदेशी नागरिकांविरुद्धचे गुन्हे रद्द केले. या लोकांना बळीचा बकरा बनवण्यात आले आणि माध्यमांतून त्यांच्याविरुद्ध मोठा अपप्रचार झाला, असे न्यायमूर्ती टी. व्ही. नलावडे यांनी निकालात नोंदवले. निकाल यायला पाच महिने लागले. अफवेला पाच तासही लागले नव्हते.

‘जिहाद’ हा शब्द कशालाही जोडण्याची पद्धत हे या मजकुराचे ओळखचिन्ह झाले आहे: लव्ह जिहाद, लँड जिहाद, थूक जिहाद. अशा नावाने प्रत्येक सुटी घटना एका मोठ्या कटाचा भाग वाटू लागते. एखाद्या तरुणाने तरुणीला फसवले तर तो त्याचा गुन्हा राहत नाही, त्याच्या जमातीची मोहीम होते. केंद्रीय गृह राज्यमंत्र्यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये लोकसभेत सांगितले होते की ‘लव्ह जिहाद’ ही संज्ञा प्रचलित कायद्यांत नाही आणि केंद्रीय तपास यंत्रणांनी तशा एकाही प्रकरणाची नोंद केलेली नाही. तरीही हा शब्द थांबलेला नाही, कारण त्याला पुराव्याची गरजच पडत नाही.

परप्रांतीय मजुरांवरचा संशयही याच वाटेने जातो. जानेवारी २०२० मध्ये नागरिकत्व सुधारणा कायद्याच्या समर्थनार्थ इंदूरमध्ये झालेल्या कार्यक्रमात भाजपचे तेव्हाचे राष्ट्रीय सरचिटणीस कैलास विजयवर्गीय यांनी एक अनुभव सांगितला. त्यांच्या घरी बांधकामावर आलेले काही मजूर नुसते पोहेच खात होते, त्यांच्या या सवयीवरून ते बांगलादेशी असावेत असा आपल्याला संशय आला, असे ते म्हणाले. देशभर त्यावर हसू झाले. इंदूरकराची सकाळ पोहे-जिलेबीनेच उजाडते आणि मराठी घरात पोहे हा पाहुणचार असतो, म्हणून ते साहजिकच होते. पण त्या मजुरांच्या बाजूने पाहिले तर यात हसण्यासारखे काही नाही. बंगालीची एक बोली बोलणारा मालदा किंवा मुर्शिदाबादचा गवंडी हा भारताचा नागरिक असतो. त्याच्या जेवणावरून, लुंगीवरून किंवा उच्चारावरून त्याला ‘घुसखोर’ ठरवण्याची मुभा एखाद्या वजनदार माणसाने दिली, की तीच मुभा मुकादम घेतो, घरमालक घेतो आणि गल्लीतली पोरेही घेतात. अवैध स्थलांतर हा खरा प्रश्न आहे आणि तो कागदपत्रे तपासून, कायद्याने सोडवायचा आहे. ताटातल्या पदार्थांवरून नागरिकत्व ठरवता येत नाही.

पडद्यावरचा संशय रस्त्यावर कसा उतरतो, हे ऑगस्ट २०२१ मध्ये दिसले. उत्तर प्रदेशातल्या हरदोईहून आलेला एक मुस्लिम बांगडीवाला बाणगंगा भागातल्या गोविंदनगरमध्ये २२ ऑगस्टला बांगड्या विकत होता. जमावाने त्याला मारहाण केली, त्याचा माल फोडला, पैसे लुबाडले. मारणाऱ्यांनी हे लपवले नाही. चित्रीकरण झाले आणि ते पसरवले गेले. ‘आमच्या वस्तीत पुन्हा दिसू नकोस’ हा त्यातला इशारा त्या एकट्यासाठी नव्हता. मारहाण करणाऱ्यांना अटक झाली. पण पाठोपाठ एका अल्पवयीन मुलीच्या विनयभंगाची तक्रार त्याच्याविरुद्ध दाखल झाली आणि मार खाणारा तीन महिन्यांहून अधिक काळ तुरुंगात राहिला. डिसेंबर २०२१ मध्ये त्याला उच्च न्यायालयाकडून जामीन मिळाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये इंदूरच्या न्यायालयाने त्याची निर्दोष मुक्तता केली. तीन वर्षांहून अधिक काळ ‘वेश पालटून मुलींच्या मागे फिरणारा बांगडीवाला’ अशीच त्याची ओळख फिरत राहिली.

सप्टेंबर २०२५ मध्ये हीच भाषा बाजारपेठेत आली. स्त्रियांच्या कपड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या शीतलामाता बाजारातल्या व्यापाऱ्यांनी मुस्लिम विक्रेत्यांना कामावरून काढावे, असे आवाहन भाजपचे शहर पदाधिकारी एकलव्यसिंह गौड यांनी केले आणि त्यासाठी २५ सप्टेंबरची मुदत दिली. कारण सांगितले ते लव्ह जिहादचे. कोणा एका विक्रेत्याविरुद्ध तक्रार असती तर पोलीस ठाणे होते. इथे वर्षानुवर्षे काउंटरवर उभे राहून साड्या दाखवणाऱ्या माणसांची रोजी केवळ नावावरून गेली. ऑनलाइन द्वेषाचा शेवट दरवेळी दंगलीतच होतो असे नाही. बहुतेक वेळा तो असाच होतो: भाड्याने घर मिळत नाही, नोकरी जाते, गिऱ्हाईक तुटते. त्याची चित्रफीत निघत नाही, म्हणून त्याची मोजदादही होत नाही.

हा मजकूर इतका वेगाने का पसरतो? समाजमाध्यमांचा धंदा लोक किती वेळ पडद्याला खिळून राहतात यावर चालतो. राग आणि भीती माणसाला सर्वांत घट्ट खिळवतात, त्यामुळे कोणता मजकूर वर दाखवायचा हे ठरवणारी यंत्रणा अशा मजकुराला उचलते. शिवाय मजकूर तपासण्याची सोय प्रामुख्याने इंग्रजीसाठी उभी राहिली. २०२१ मध्ये फेसबुकच्या माजी कर्मचारी फ्रान्सेस हॉगन यांनी बाहेर आणलेल्या कागदपत्रांवरून दिसले की खोटी माहिती ओळखण्यासाठीच्या खर्चातला ८७ टक्के वाटा एकट्या अमेरिकेसाठी होता. फेसबुकचे सर्वाधिक वापरकर्ते भारतात आहेत, पण हिंदी आणि बंगालीतला द्वेष ओळखणारी यंत्रणाच तिथे दीर्घकाळ अपुरी होती. मराठी, माळवी किंवा निमाडीची अवस्था काय असेल हे वेगळे सांगायला नको. जाहीर सभा आणि ऑनलाइन प्रसार हे तर एकाच साखळीचे दुवे झाले आहेत. ‘इंडिया हेट लॅब’ या संशोधन गटाने २०२३ मध्ये देशात अल्पसंख्याकांविरुद्ध द्वेषमूलक भाषणांचे ६६८ प्रसंग नोंदवले होते. २०२४ मध्ये ते १,१६५ झाले. भाषण ऐकायला दोनशे माणसे असतात, त्याची चित्रफीत पाहायला दोन लाख.

व्हॉट्सअॅपची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे मजकूर निवडणारी यंत्रणा नाही, निवडणारी माणसेच आहेत. निरोप काकांकडून, शाळेतल्या मित्राकडून, सोसायटीच्या अध्यक्षांकडून येतो, म्हणून तो खरा वाटतो. याची सर्वांत भीषण किंमत इंदूरहून मुंबईकडे जाणाऱ्या आग्रा रस्त्यावरच्या धुळे जिल्ह्याने पाहिली. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात, आठवडी बाजाराच्या दिवशी, मंगळवेढा भागातून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप त्या परिसरात पसरले होते. त्या काळात देशभर फिरलेल्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरून मूल उचलून नेल्याचे दिसत होते. ती कराचीत बनवलेल्या जनजागृतीपर चित्रफितीचा कापलेला तुकडा होता. मारले गेलेले पाचही जण हिंदू होते, त्यांतले बहुतेक जण महाराष्ट्राचेच होते. परक्याची भीती एकदा पेटली की परका कोण हे जमाव जागेवर ठरवतो.

पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे १६ एप्रिल २०२० रोजी दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच चोरांच्या अफवेला बळी पडले. तिथे द्वेषाची दुसरी फेरी हत्येनंतर सुरू झाली: मारणारे मुसलमान होते, असा प्रचार देशभर झाला. महाराष्ट्राचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुस्लिम नाही, हे सांगावे लागले.

राईनपाड्यानंतर व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि ‘फॉरवर्डेड’ अशी खूण सुरू केली. एप्रिल २०२० मध्ये फार वेळा फिरलेले निरोप एका वेळी एकाच ठिकाणी पाठवण्याचा नियम आला, आणि अशा निरोपांचा प्रसार सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. म्हणजे हे पसरणे अटळ नव्हते. इच्छा असती तर ते आधीही रोखता आले असते.

हाच अनुभव परदेशातल्या स्थलांतरितांना, आणि आता तिथल्या भारतीयांनाही, येतो आहे. ब्रिटनमध्ये साउथपोर्ट इथे २९ जुलै २०२४ रोजी तीन लहान मुलींची हत्या झाली. हल्लेखोर मुस्लिम निर्वासित आहे, असे एक बनावट नाव काही तासांत पसरले. मशिदींवर आणि निर्वासितांच्या निवासांवर हल्ले झाले. हल्लेखोर प्रत्यक्षात वेल्समधल्या कार्डिफमध्ये जन्मलेला होता. जुलै २०२५ मध्ये डब्लिनच्या टाला भागात एका भारतीयाला जमावाने रक्तबंबाळ केले. तो मुलांशी गैरवर्तन करतो, असे ऑनलाइन पसरले होते आणि आयरिश पोलिसांना त्यात तथ्य आढळले नाही. ऑस्ट्रेलियात ३१ ऑगस्ट २०२५ च्या स्थलांतरविरोधी मोर्चांच्या प्रचारात भारतीयांचे नाव घेऊन संख्या मोजून दाखवण्यात आली. ‘हे येतात, पोरे वाढवतात, आपली नोकरी खातात’ हे वाक्य पुण्या-इंदूरच्या ग्रुपवर ज्यांच्याविषयी लिहिले जाते, त्यांच्या जागी तिकडे देशपांडे आणि कुलकर्णी असतात.

कायद्याची साधने नाहीत असे नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजासमाजांत वैर वाढवण्याबद्दल कलम १९६, धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावण्याबद्दल कलम २९९ आणि अफवांद्वारे वैरभाव पसरवण्याबद्दल कलम ३५३ आहे. पाच किंवा अधिक जणांनी वंश, जात, समाज, जन्मस्थान, भाषा अशा कारणावरून खून केल्यास कलम १०३ (२) मध्ये फाशी किंवा जन्मठेपेची तरतूद आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल २०२३ रोजी सर्व राज्यांना आदेश दिला की द्वेषमूलक भाषणाबद्दल कोणी तक्रार करण्याची वाट न पाहता, बोलणाऱ्याचा धर्म न पाहता, पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवावा. अडचण अंमलबजावणीत आहे. कलम १९६ खाली न्यायालयाने दखल घेण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागते, आणि बोलणारा सत्तेच्या जवळचा असेल तर ती फाइल हलत नाही.

उलट अशीच कलमे दुबळ्यांवर मात्र तत्परतेने चालतात. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरच्या एका तरुणीला आणि ते ‘लाइक’ केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला अटक झाली. या प्रकरणातूनच माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयापुढे गेले आणि २४ मार्च २०१५ रोजी ते घटनाबाह्य ठरले. इंदूरमध्ये १ जानेवारी २०२१ रोजी विनोदी कलाकार मुनव्वर फारुकी यांना छप्पन दुकान भागातल्या कॅफेतल्या कार्यक्रमातून देवदेवतांचा अपमान केल्याच्या आरोपावरून अटक झाली. उच्च न्यायालयाने जामीन नाकारला आणि सर्वोच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारीला अंतरिम जामीन देईपर्यंत ते तुरुंगात राहिले. विनोद करण्याच्या आरोपावरून महिन्याहून अधिक कोठडी, आणि एका समाजावर बहिष्कार घालण्याच्या जाहीर हाकेवर शांतता, हे जोवर शेजारी शेजारी घडते आहे, तोवर आणखी कडक कायदा आणून फारसे हाती लागणार नाही. आहे तोच कायदा सर्वांना सारखा लावणे, हीच खरी सुधारणा आहे.

नागरिकालाही काही करता येते. द्वेषाचा किंवा चिथावणीचा मजकूर आला तर तो खोडून टाकण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट, दुवा, खात्याचे नाव, तारीख आणि वेळ जपून ठेवावी. नंतर ते पुरावा म्हणून लागते. तक्रार त्या माध्यमाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा थेट पोलीस ठाण्यात करता येते. निषेध म्हणूनही तो मजकूर पुढे पाठवू नये. त्याने प्रसारच होतो. आणि कुटुंबाच्या ग्रुपवर असे काही पडले तर गप्प बसू नये. पाठवणारे वडीलधारे असतील तर वेगळा फोन करून, मान राखून, ‘काका, हे खरे नाही, मी तपासले’ एवढे सांगावे. राईनपाड्यात पोलीस पोहोचायला उशीर झाला, बांगडीवाल्याला न्याय मिळायला तीन वर्षे लागली. ज्याच्या हातात निरोप आहे, तो मात्र त्याच क्षणी थांबवू शकतो. वाचकांनी तो थांबवावा.